पूर्णगडापर्यंत एकटीने

"भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन येते," एवढंच अपूर्वा सासूबाईंना म्हणाली होती, आणि पुढचं सगळं रामायण त्या अर्ध्या वाक्यातून झालं.

खरं तर तिला जायचं होतं पूर्णगडला. भाट्याचा पूल ओलांडून, सुरूच्या बनाशेजारून, फणसोपचा चढ चढून, गोळपच्या कातळी सड्यावरून पावस, आणि पावसच्या पुढे खाडीच्या तोंडाशी बसलेल्या त्या लहानशा किल्ल्याच्या दारापर्यंत. सायकलने, एकटीने, मध्ये कुणाच्या गाडीत न बसता. पण असं सांगितलं असतं तर दमयंतीबाईंनी आधी "का?" विचारलं असतं, मग "कशाला?" विचारलं असतं, आणि मग काही न बोलता राहीच्या कपाळाला हात लावून पाहिला असता. त्या हात लावण्याला उत्तर नसतं. अडीच वर्षांच्या पोरीचं कपाळ कोमट आहे का म्हणून शोधायला गेलं की थोडं कोमट सापडतंच, आणि कपाळ कोमट असलं की आई घरी राहते.

तिची नोकरी कुणाला समजावून सांगायची म्हणजे पंचाईत. पुण्यातली एक सहल कंपनी हौशी मराठी माणसांना भूमध्य समुद्राकाठी सायकली चालवायला नेते. बहुतेक सगळे पन्नाशी ओलांडलेले, गुडघ्याला पट्टा, डोळ्यांवर नवा गॉगल. दक्षिण इटलीत रोज थोडं थोडं अंतर कापायचं. गाड्या नसलेले रस्ते, ऑलिव्हच्या जुन्या बागा, दगडी बांध, टेकडीवर चुन्याने रंगवलेली गावं. त्या रस्त्यांचं वर्णन मराठीत लिहिण्याचं काम अपूर्वाकडे होतं. ओस्तुनीच्या उतारावर ब्रेक कसा जपून लावावा, कुठल्या चौकात पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, दुपारच्या वेळी कुठलं गाव दारं लावून झोपलेलं असतं, हे सगळं ती रत्नागिरीच्या स्वयंपाकघरात बसून लिहायची. समोर संगणकावर रस्त्याची छायाचित्रं, मांडीवर राही, राहीच्या तोंडात भाताचा घास. इटली तिने पाहिली नव्हती. "सकाळी मी ओस्तुनीत असते आणि दुपारी दुपटी वाळत घालते," असं ती नवऱ्याला म्हणायची, आणि गंधार हसायचा. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

आता कंपनीला कोकणात सहल काढायची होती. मालकीण सुनेत्राताई स्वतः जुन्या सायकलवाल्या, आणि त्यांचा एक नियम होता: जो रस्ता लिहायचा, तो लिहिणाऱ्याने आधी एकट्याने चालवायचा. "सोबत गाडी असली की पाणी कुठे मिळतं ते कळत नाही," त्या म्हणायच्या, "आणि भीती कुठे वाटते तेही कळत नाही." इटलीचे रस्ते दुसऱ्याच कुणी चालवले होते, अपूर्वा नुसतीच लिहिणारी. कोकणचं तसं नव्हतं.

"रत्नागिरी ते पूर्णगड, या रविवारी," सुनेत्राताईंनी फोनवर सांगितलं होतं. "मोबाइलवर रस्त्याची नोंद चालू ठेव, संध्याकाळपर्यंत मला पाठव. केलंस तर कोकणची सगळी सहल तुझी. नाही जमलं तर सांग, संदेशला पाठवते. तो दोन दिवसांत उरकेल."

संदेश म्हणजे कंपनीतला दुसरा लिहिणारा, जो गोळपचा सडा म्हणजे काय हे तिलाच विचारून लिहिणार होता. त्याला तिच्या माहेरच्या रस्त्यावर पाठवायचं? मीच जाते, असं तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

"रविवारी जाऊ ना मी?" तिने गंधारला विचारलं.

"जा की."

'जा की' हे त्याचे फार लाडके शब्द. त्यात परवानगीही असायची आणि अंग काढून घेणंही. "आईला मी सांगतो," असंही तो म्हणाला, आणि रविवारी उजाडायच्या आत पालीच्या बागेत मोहोरावर फवारणी करायला निघून गेला. बागेत फोन लागत नाही. आईला त्याने काहीही सांगितलेलं नाही हे अपूर्वाला पडवीतून सायकल काढताना कळलं. दमयंतीबाई सायकलच्या हँडलवर वाळत घातलेली राहीची झबली उचलत म्हणाल्या, "आज काय मधेच?"

आणि मग तिच्या तोंडून ते भाट्याच्या पुलाचं निघालं.

"चिकू दिलात तर बी काढून द्या हं," निघता निघता ती म्हणाली. "ती गिळते."

"गंधारलाही मीच वाढवलाय," दमयंतीबाई म्हणाल्या.

सुरुवातीची मैलभर वाट ती चिकूच्या बीवरच चालवत होती. पुलावर मात्र वारा आला. खाली काजळी नदी भरतीच्या पाण्याने फुगलेली, होड्या मान हलवत उभ्या. पाय हळूहळू ओळखीचे झाले. कॉलेजात असताना हीच सायकल ती रोज चालवायची. लग्नानंतर तिच्यावर कपडे वाळले, राही झाल्यावर दुपटी. सुरूच्या बनाशी येईपर्यंत साखळीची कुरकुर थांबली आणि अपूर्वाच्या मनात पहिलं वाक्य जुळायला लागलं: 'उजव्या हाताला समुद्र ठेवा आणि घाई करू नका.'

"अगं, अपूर्वा ना तू?"

दीपालीकाकू. सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या. पायात पांढरे बूट, अंगात साडीवर स्वेटर, सकाळचं चालणं चाललेलं. त्या रस्त्याच्या मधोमध आल्या, म्हणजे थांबणं भाग.

"गाडीला काय झालं?"

"काही नाही, काकू."

"मग सायकल?"

"अशीच."

"गंधार कुठाय?"

"पालीला. बागेत."

"आणि बाळ?"

"आईंजवळ."

काकूंनी मागच्या कॅरिअरवर बांधलेल्या बॅगेकडे पाहिलं. बॅगेत सायकलची जादा ट्यूब, पंप, पाण्याची बाटली आणि चिक्की होती, पण बॅगेवर तसं लिहिलेलं नव्हतं. अपूर्वा खरं बोलत होती, आणि प्रत्येक खऱ्या उत्तरासरशी काकूंचा चेहरा जास्त जास्त कळवळत होता.

"घरी सगळं ठीक आहे ना गं?"

"हो."

"असंच म्हणायचं असतं," काकू म्हणाल्या आणि तिच्या हातावर थोपटलं. "मीही म्हणायचे."

ती निघाली तेव्हा काकू स्वेटरच्या खिशातून फोन काढत होत्या.

चढ आला. पुरा चढ ती पेडलवर उभी राहून चढली, मांड्या पेटल्या, श्वास कानात वाजायला लागला, आणि वर पोचल्यावर एकदम सगळं मोकळं झालं. सडा. काळवंडलेला जांभ्याचा कातळ, त्यावर वाळून सोनेरी झालेलं गवत, मध्येच गडग्यांनी वेढलेल्या कलमांच्या बागा, मोहोराचा तो गोड, किंचित तुरट वास. गाडी नाही, माणूस नाही. तिला हसू आलं. वर्षभर ती इटलीतल्या बांधांबद्दल लिहीत होती, चुन्याशिवाय दगडावर दगड रचलेले, शेकडो वर्षं उभे. आणि आपला गडगा काय वेगळा असतो? तसाच कोरडा रचलेला, फक्त तांबडा. इटलीतल्या शेतकऱ्याला इथे आणून उभा केला तर तोही आधी गडग्यावर बसेल आणि मग पाण्याचं विचारेल.

हे लिहायचं, असं ती ठरवत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलीस का पुलावर?" दमयंतीबाई.

"हो," अपूर्वा म्हणाली. पुलावर ती पोचली होतीच. मागे केव्हातरी.

"दीपालीचा फोन आलेला. काहीतरीच विचारत होती." मागून राहीचा आवाज, रडका. "ही तुला शोधत्येय. ये लवकर."

"रडत्येय का? अंग गरम आहे का तिचं?"

"आई नसली की रडतात मुलं. त्याला ताप लागत नाही."

फोन बंद झाला आणि सड्यावरची शांतता पहिल्यासारखी राहिली नाही. राही रडते तेव्हा आधी खालचा ओठ बाहेर काढते, मग श्वास ओढून घेते, आणि मग बराच वेळ काही आवाजच येत नाही. त्या आवाज न येण्याची अपूर्वाला भीती वाटायची. फिरावं का मागे? फिरली तर कोकण संदेशचं. ती तशीच पुढे जात राहिली आणि स्वतःवर चिडत राहिली. गेल्याबद्दल, आणि जाताना मन लागत नव्हतं त्याबद्दल.

गोळपच्या अलीकडे मागून हॉर्न आला, एक लांबलचक, ओळखीचा. अनिलचा टेम्पो. अनिल गंधारचा चुलतभाऊ. हंगामात आंब्याच्या पेट्या नेतो, एरवी चिरे नाहीतर नारळ. त्याने टेम्पो तिच्यापुढे आडवा घातला आणि इंजिन चालू ठेवूनच उडी मारली.

"वयनी, काय झालं?"

"काही नाही झालं, भावजी. सायकल चालवत्येय."

"ती दिसतेय मला. कुठे?"

"पूर्णगडला."

"पूर्णगडला कोण आहे?"

"कोणी नाही."

अनिलने डोक्यावरची टोपी काढून परत घातली. पूर्णगडला कोणी नाही आणि वाटेत पावसला वयनीचं माहेर आहे, हा हिशोब त्याला जमला होता. "चढवतो सायकल मागे," तो म्हणाला. "पुढे बसा. आधी घरी जाऊ. काय असेल ते काकीसमोर बोला."

"मला सायकलनेच जायचंय. माझं काम आहे."

"राग सायकलवर काढू नये, वयनी. पाय दुखतात नुसते."

"राग आलेला नाही मला."

"दिसतोय की."

तो आता दिसत होता हे खरं होतं. ती पेडल मारून निघाली. टेम्पो मागून यायला लागला, पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही बाजूंचे पिवळे दिवे उघडझाप करत, जणू काही ती लग्नाच्या वरातीतला घोडा. सोबतीला गाडी नको, एवढा एकच नियम होता. तिने सायकल थांबवली, मागे गेली आणि त्याच्या खिडकीशी तोंड नेऊन म्हणाली, "भावजी, तुम्ही माझ्या मागे राहिलात तर माझं आजचं सगळं फुकट जाईल. हात जोडते. पुढे तरी जा."

"पुढे जाऊ?"

"जा."

अनिलला एवढंच कळलं की वयनीला त्याने पुढे जायला हवंय. तो गेला. वळणापलीकडे दिसेनासा होईस्तोवर त्याच्या कानाला फोन लागलेला होता.

पावसची घाटी उतरताना ब्रेक करकरले. खाली नारळीपोफळी, कौलं, देवळाकडे जाणाऱ्यांच्या दोन गाड्या, एवढीच वर्दळ. माहेरच्या घरावरून रस्ता जातो, पण न थांबता जायचं असं तिने घरूनच ठरवलेलं. बाबांना हात करायचा आणि परतताना चहाला थांबायचं. वळण संपलं आणि तिला दिसलं की अनिलचा टेम्पो घराच्या फाटकाशी, बेड्याशी, उभा आहे, आणि टेम्पोच्या पुढे, भर रस्त्यात, बाबा.

दत्तात्रेय गुरुजींनी सदऱ्याची गुंडी एक घर चुकवून लावली होती. आयुष्यभर शाळेत पोरांच्या गुंड्या तपासलेला माणूस. ते बघून ती सायकलवरून उतरली.

"ये," ते म्हणाले. "घर तुझंच आहे."

"बाबा, मी इथे आलेली नाही."

"बरं. आत ये."

"मी पुढे चाललेय."

"कुठे जाणार पुढे? पुढे खाडी आहे." त्यांनी सायकलचं हँडल धरलं, हळूच, वासराचं दावं धरावं तसं.

गडग्यापलीकडे शेजारच्या दोघी बायका उभ्या होत्या. एकीच्या हातात झाडू होता, पण ती झाडत नव्हती. "पोचवायला कोण आलंय?" तिने विचारलं, आणि दुसरीने नुसती मान हलवली. इकडे सासरी गेलेली मुलगी माहेरी यायची ती कुणाच्यातरी सोबतीने येते. दीर, नवरा, निदान शेजारचा म्हातारा. हातात नारळ, कडेवर मूल. एकटी आली, मूल मागे ठेवून आली, तर तिला विचारायचं काही उरत नाही. तिला गरम पाणी द्यायचं असतं.

निशिगंधावहिनीने खरंच गरम पाणी काढलं होतं. अपूर्वाचा भाऊ मुंबईला नोकरीत. आई गेल्यापासून घर वहिनीच बघते. "मधली खोली झाडून ठेवलीय," ती हळूच म्हणाली. "गादी उन्हात घातलीय. कितीही दिवस राहा."

"वहिनी, मी भांडून आलेली नाही. मला कुणी हाकललं नाही. मी काम करत्येय. रस्ता बघायचं काम."

"हा रस्ता?" बाबा म्हणाले. "लहानपणापासून बघतेस की."

"सायकलवरून बघायचाय. लोकांना आणायचंय इथे. पूर्णगड बघायला."

"त्यांना कुणी अडवलंय? एसटी जाते."

"बाबा, त्यांना एसटीने नको असतं."

"मग त्यांचंही काहीतरी बिनसलेलं असणार," बाबा म्हणाले. हा विनोद नव्हता. ते विचार करून बोलले होते.

अपूर्वा पायरीवर बसली. चहा आला. रस्त्याची नोंद करणारा मोबाइल मांडीवर सुरूच होता, आणि पडद्यावरची निळी रेघ पावसला येऊन गाठीसारखी गोल गोल फिरत होती. रडू येत होतं, आणि आत्ता रडणं म्हणजे सगळ्यांच्या तर्कावर शिक्का मारणं. म्हणून तिने चहा घेतला. तोंड भाजलं.

वहिनी शेजारी बसली. "एक सांगू?" ती कुजबुजली. "मला सायकल येत नाही. म्हणून राहिलेय मी."

अपूर्वाने तिच्याकडे वळून पाहिलं. वहिनी कपबशी उचलून आत निघून गेली होती.

आता उठायचं, हँडल सोडवून घ्यायचं आणि निघायचं, असं ती मनाशी म्हणत होती, तोच बेड्याशी रिक्षा येऊन थांबली. आधी एक पिशवी बाहेर आली. मग राही, नाक वाहणारी, हातात पावाचा तुकडा. मग दमयंतीबाई. नेसलेली साडी घरातली नव्हती, लग्नकार्याची होती.

गडग्यापलीकडे आता चौघी झाल्या होत्या.

दमयंतीबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पदर सारखा केला, पिशवीतून नारळ काढला आणि मोठ्या, भजनाच्या आवाजात म्हणाल्या, "अगं, नारळ विसरून आलीस ना. तरी म्हटलं, सायकलवर कुठे नेणार, मीच घेऊन येते मागून." मग गुरुजींना नमस्कार. "कंपनीचं काम आहे हो तिचं. मीच पाठवली. म्हटलं वाटेत बाबांना भेट, आज राहीलाही आजोळ होईल."

बाबांच्या खांद्यांचा ताण गेला. गडग्यापलीकडचा झाडू हलायला लागला. अनिल टेम्पोच्या दारात बसल्या बसल्या म्हणाला, "मग काकी, फोनवर रडत का होतात?"

राही धावत येऊन अपूर्वाच्या पायांना चिकटली. अपूर्वाने तिचं कपाळ चाचपलं, तोंडात बोट घालून पाहिलं. पाव. नुसता पाव.

स्वयंपाकघरात गेल्यावर दमयंतीबाईंचा आवाज बदलला.

"भाट्याचा पूल इकडे सरकला का?"

"गंधार सांगणार होते तुम्हाला."

"गंधारने जन्मात मला काही सांगितलंय? त्याचं लग्न ठरलंय हेसुद्धा मला अनिलने सांगितलं." त्यांनी नारळ ओट्यावर ठेवला. "दीपाली म्हणते बॅग घेऊन गेली. अनिल म्हणतो पावसच्या रस्त्याला लागली. पोर रडतेय, गंधारचा फोन लागत नाही. मी काय समजायचं? रिक्षात सगळी वाट आपण काय बोललो हिला, हेच आठवत होते. काल म्हटलं होतं डाळ खारट झालीय, ते आठवलं."

"डाळीसाठी कोण घर सोडेल, आई."

"माझ्या मामीने सोडलं होतं."

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हटलंच असतं. मग हो म्हटलं असतं. मध्ये दोन दिवस लागतात मला. तेवढे द्यावेत माणसाने." त्यांनी पदराने डोळे नव्हे, मान पुसली. "आता झालं ते झालं. जेवू, अनिलच्या टेम्पोत सायकल टाकू आणि चार वाजता सगळे मिळून घरी जाऊ. शोभेल असं."

म्हणजे सगळं संपलं. कुणीही रागावलेलं नाही, सगळे जेवणार, सासूने लाज राखली, बापाने गुंडी नीट लावली, आणि पूर्णगड दीड-दोन कोसांवर तसाच राहणार. संदेश येईल. तिला वाटलं, कुणी सरळ आडवं आलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ही माणसं जिवाला जीव लावून वाट अडवतात, आणि त्यांच्यावर ओरडलं की आपणच वाईट.

ती बाहेर आली. पायरीवर बाबा राहीला पोफळीचं झाड दाखवत होते. शेजारणी आता सरळ अंगणातच आल्या होत्या, चहाला. दमयंतीबाई मागोमाग आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

अपूर्वाने हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"आई, मग निघू का मी?" ती म्हणाली. आवाज तिने मोठा ठेवला, भजनाच्या पट्टीतला. "तुम्ही पाठवलंत ते काम अजून राहिलंय. पूर्णगडापर्यंत जायचं म्हणाला होतात ना."

दमयंतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत बरंच काही होतं आणि त्यातलं काहीच चार बायकांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. स्वतःचा शब्द स्वतःच्याच अंगणात नव्हे, व्याह्यांच्या अंगणात पडलेला; तो उचलून परत घेता येत नव्हता.

"निघ की," त्या शेवटी म्हणाल्या. "ऊन चढायच्या आत जाऊन ये. सांगितलेलं काम अर्धं ठेवू नये."

अनिल किल्ली हलवत उठला. "मी येतो मागून."

"तू बस," दमयंतीबाई म्हणाल्या. "तुला आज कुणी कुठे पाठवलेलं नाही."

राहीने खालचा ओठ बाहेर काढला. अपूर्वाला तो दिसला. ती वाकली, पोरीच्या केसांवर ओठ टेकवले आणि मागे न बघता सायकलवर बसली. बेड्याबाहेर पडताना तो श्वास ओढल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग रडं फुटलं. फुटलं ते बरं झालं. ते वळणापर्यंत ऐकू येत होतं. त्यानंतरही येत होतं, पण ते आता रस्त्यावर नसावं.

पावसच्या पुढचा रस्ता तिला हवा होता तसाच होता. वळणं, काजूची झाडं, कौलारू घरांच्या पडव्या, कुठे भाताच्या कोरड्या खाचरात चरणारी एकटी म्हैस. कुणी थांबवलं नाही. फोन वाजला नाही. न वाजणाऱ्या फोनकडे ती पुन्हा पुन्हा बघत होती. ज्या शांततेसाठी सकाळपासून सगळ्यांशी झगडली ती मिळाली, आणि तिच्यात बसून ती विचार काय करत होती, तर पाव घशात अडकतो का.

डोळे कोरडे ठेवायला तिने गडगे मोजायचा प्रयत्न केला, तो सोडून दिला, आणि शेवटच्या चढावर दात-ओठ खात नुसती पेडलं मारली.

किल्ला अचानक आला. खाली मुचकुंदीची खाडी समुद्राला मिळत होती, पलीकडच्या वाळूवर दोन होड्या उपड्या. वाटेवरच्या शेवटच्या घरापुढे एक बाई मासे वाळत घालत होती. तिने मान वर केली.

"कुठून आलाव?"

"रत्नागिरीहून."

"सायकलीन? एकटीच?"

अपूर्वाने पुढच्या प्रश्नांसाठी जीव मुठीत धरला. "हो."

"पानी हाय हांड्यात," बाई म्हणाली आणि मासे पसरायला लागली.

अपूर्वाने पाणी घेतलं. थंडगार होतं. तांब्या पालथा घालून ती किल्ल्याच्या दरवाज्याच्या पायरीवर बसली, मोबाइलवरची नोंद बंद केली आणि जशी होती तशी पाठवून दिली. रेघेला तीन ठिकाणी गाठी होत्या: सुरूच्या बनाशी लहान, गोळपला मोठी, पावसला सगळ्यात मोठी. त्या पुसून टाकता आल्या असत्या. तिने पुसल्या नाहीत. चीड एवढी होती की त्या दिसूच देत असं वाटलं.

सुनेत्राताईंचा फोन लगेच आला. "छान गेलीस गं. पण पावसला एवढा वेळ काय केलंस? तिथे थांबण्यासारखं काही आहे का?"

"चहा मिळतो," अपूर्वा म्हणाली.

"बरं झालं कळलं. मग कोकण तुझं. पुढच्या रविवारी पूर्णगड ते राजापूर कर. तसंच, एकटीने."

ती पावसला परतली तेव्हा पानं वाढलेली होती. राही आजोबांच्या मांडीवर झोपली होती, गाल पुसलेले, तोंड उघडं. अपूर्वाने वाकून तिच्या नाकापुढे बोट धरलं, मग ती हात धुऊन पाटावर बसली.

"झालं का एकदाचं?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"झालं." मग, दोन दिवसांचं आठवून, तिने लगेच सांगून टाकलं. "पुढच्या रविवारी राजापूरला जायचंय. इथून पुढे. एकटीने."

दमयंतीबाईंनी भात कालवला. नको म्हणाल्या नाहीत. "राजापूरला कोण आहे आपलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही."

"असं कसं?" अनिल तोंडातला घास न गिळताच म्हणाला. "माझी मावसबहीण आहे की धारतळ्याला. रस्त्यालाच घर."

"मग तिला फोन करून ठेव," दमयंतीबाई म्हणाल्या. "म्हणावं, ही येईल. जेवल्याशिवाय सोडू नकोस."

अपूर्वाने भातावर आमटी ओतून घेतली आणि खाली मान घालून जेवायला लागली. भांडायचं तर होतंच, पण उपाशीपोटी नाही.